‘पोलीस कारवाई’ या शब्दामागचा कायदा

नांदेड, लातूर भागातील जुन्या पिढीच्या बोलण्यात काळाची एक ठरलेली खूण असे. कोणाचे लग्न, कोणत्या शेताची वाटणी, कोणत्या साली विहीर खोदली, हे सारे ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ किंवा ‘पोलीस ॲक्शननंतर’ असे सांगितले जाई. शब्द इतका अंगवळणी पडला, की त्यातील विसंगती कोणाला खटकली नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरहून नळदुर्गमार्गे हैदराबाद संस्थानात शिरले ते पोलीस नव्हते. ती भारतीय लष्कराची चिलखती डिव्हिजन होती, तिच्या दिमतीला विमाने होती, मेजर जनरल जे. एन. चौधरी तिचे सेनानी होते आणि या मोहिमेला ‘ऑपरेशन पोलो’ हे लष्करी नावही होते. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रे खाली ठेवण्याची घोषणा केली. तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो, आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले तेही याच तारखेला.

रणगाड्यांच्या या मोहिमेला ‘पोलीस’ हे विशेषण का लावले गेले? याचे उत्तर आंतरराष्ट्रीय कायद्यात आहे. युद्ध दोन राष्ट्रांमध्ये होते. पोलीस आपल्याच घरात बंदोबस्त करतात. ‘युद्ध’ हा शब्द उच्चारला असता, तर समोर दुसरे राष्ट्र आहे हे आपोआप मान्य झाले असते. नेमका हाच वाद त्या वेळी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेपुढे उभा होता. मोहिमेच्या तीन आठवडे आधी, २१ ऑगस्ट १९४८ रोजी, हैदराबाद सरकारने परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार केली होती. तिचा आधार होता राष्ट्रसंघाच्या सनदेतील कलम ३५ चा दुसरा परिच्छेद. राष्ट्रसंघाचे सभासद नसलेले राष्ट्रही आपला वाद परिषदेपुढे आणू शकते, असे हे कलम सांगते. मात्र त्यासाठी तक्रारदार मुळात ‘राष्ट्र’ असावा लागतो. मराठवाड्यासह सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा प्रदेश आणि दीड कोटीहून अधिक प्रजा असलेले हैदराबाद हे राष्ट्र होते काय?

अशा प्रश्नाचे उत्तर कोणत्या पुस्तकात शोधायचे, येथूनच या कायद्याची अडचण सुरू होते. देशांतर्गत कायदा संसद किंवा विधानसभा करते, न्यायालय त्याचा अर्थ लावते, पोलीस तो अमलात आणतात. राष्ट्रांच्या वर अशी कोणतीही विधानसभा नाही. म्हणून ‘हा कायदाच नव्हे’ असे म्हणणारे पूर्वीही होते आणि आजही आहेत. परंतु टपाल, विमान वाहतूक, समुद्रातील हद्दी, वकिलातींचे संरक्षण हे सारे व्यवहार याच कायद्याने रोज विनातक्रार चालतात. गाजते ते केवळ त्याचे उल्लंघन. हा कायदा कोठून घ्यावयाचा याची सर्वमान्य यादी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीत, म्हणजे मूळ नियमावलीत, कलम ३८ मध्ये आहे. राष्ट्रांनी केलेले करार, कायदा म्हणून पाळली जाणारी रूढी आणि सुसंस्कृत राष्ट्रांनी मानलेली कायद्याची सर्वसाधारण तत्त्वे हे तीन मुख्य स्रोत होत. न्यायनिर्णय आणि नामवंत कायदेपंडितांची मते ही दुय्यम, म्हणजे नियम कोणता आहे हे ठरविण्याची साधने होत. विधीच्या विद्यार्थ्याला ही यादी पाठ असते. हैदराबादच्या प्रकरणात ती एकेक करून कसोटीला लागली.

पहिला स्रोत करार. निजाम आणि इंग्रज यांच्यातील करारांची परंपरा अठराव्या शतकापासूनची होती. १७९८ आणि १८०० च्या तैनाती फौजेच्या करारांनी संस्थानाचे संरक्षण आणि बाहेरच्या सत्तांशी असलेले व्यवहार कंपनीच्या हाती गेले. परंतु करार दोन सत्तांमध्ये झाला होता, त्या अर्थी दोघेही सार्वभौम होते, असा युक्तिवाद निजामाच्या बाजूने शेवटपर्यंत होत राहिला. वऱ्हाड परत मिळावा म्हणून सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने या शतकी युक्तिवादाचा आधार घेतला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने मार्च १९२६ मध्ये पाठविलेले उत्तर प्रसिद्ध आहे. ब्रिटिश सत्तेचे वर्चस्व केवळ करारांवर उभे नाही, ते करारांच्या बाहेरही अस्तित्वात आहे, आणि कोणत्याही संस्थानिकाला ब्रिटिश सरकारशी बरोबरीच्या नात्याने बोलता येणार नाही, असा त्याचा आशय होता. त्याआधी, मणिपूर प्रकरणानंतर १८९१ च्या ऑगस्टमध्ये, हिंदुस्थान सरकारने राजपत्रात जाहीर करून टाकले होते की सरकार आणि देशी संस्थाने यांच्या संबंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वे लागू नाहीत. करार जसाच्या तसा, पण त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार एकाच पक्षाकडे, अशी ही व्यवस्था होती.

१५ ऑगस्ट १९४७ ला ही अधिसत्ता संपली. भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या सातव्या कलमाने संस्थानांवरील ब्रिटिश राजसत्तेचे वर्चस्व आणि त्यांच्याशी झालेले करार रद्द ठरविले. वरचे छत्र गेले म्हणजे खालचा राजा आपोआप सार्वभौम झाला, असे निजामाचे म्हणणे. छत्राखाली जे मुळात कधी नव्हते ते छत्र काढल्याने उत्पन्न होत नाही, असे दिल्लीचे म्हणणे. या तिढ्यातच २९ नोव्हेंबर १९४७ रोजी दोघांमध्ये एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि दळणवळण यांसह समान हिताच्या बाबतीत पूर्वीची व्यवस्था चालू राहील, मात्र भारताला अधिसत्तेचे हक्क मिळणार नाहीत, आणि वाद झाल्यास दोन्ही बाजूंच्या लवादांकडे तो सोपविला जाईल, असे त्यात ठरले होते. हा करार दुधारी होता. लवादाचे कलम वाचले की दोन समान पक्ष दिसतात. परराष्ट्र व्यवहाराचे कलम वाचले की एक पक्ष दुसऱ्याच्या छायेत दिसतो. पुढच्या सगळ्या वादात प्रत्येकाने आपल्या सोयीचे कलम वाचले.

करार पाळलाच पाहिजे, हे या कायद्याचे मूलतत्त्व. येथे दोघांनीही दुसऱ्यावर करारभंगाचा आरोप केला. निजाम सरकारने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज दिले, हा करारभंग असल्याचे भारताने सांगितले. भारताने संस्थानाची आर्थिक नाकेबंदी केली, असे हैदराबादने परिषदेला कळविले. ऑस्ट्रेलियन वैमानिक सिडनी कॉटन याने १९४८ मध्ये विमानांतून हैदराबादला चोरून शस्त्रे पोहोचविली, हे सर्वश्रुत आहे. सरहद्दीवर दोन्हीकडून हल्ल्यांच्या तक्रारी होत्या. लवाद नेमून हा प्रश्न सोडविण्याची कराराने दिलेली वाट शेवटपर्यंत वापरली गेली नाही, ही गोष्ट कायद्याच्या अभ्यासकाने विसरता कामा नये.

दुसरा स्रोत रूढी. एखादी गोष्ट दीर्घकाळ केली जाते, एवढ्याने ती कायदा होत नाही. ‘ही करणे आपल्यावर बंधनकारक आहे’ अशी भावना तिच्यामागे असावी लागते. हे समजावून सांगण्यासाठी पाठ्यपुस्तके हमखास जो खटला देतात, त्याची मुळे पेशव्यांच्या दप्तरात आहेत. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली स्वयंसेवकांनी मुक्त केली. सुधीर फडके या मोहिमेत होते. तेथे जाण्यासाठी भारतीय हद्दीतून वाट मिळावी म्हणून पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली आणि मराठ्यांशी झालेला १७७९ चा पुणे करार पुढे केला. या कराराने पेशव्यांनी आपल्याला त्या गावांवर सार्वभौमत्व दिले, असा त्याचा दावा होता. न्यायालयाने १२ एप्रिल १९६० च्या निकालात तो मानला नाही. मराठ्यांनी दिला होता तो १२ हजार रुपये उत्पन्नाच्या गावांचा सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क. राज्य नव्हे, असे न्यायाधीशांनी ठरविले. ‘सरंजाम’ आणि ‘जहागीर’ या शब्दांचा खल हेगच्या न्यायासनापुढे व्हावा, ही मराठी वाचकाला गमतीची वाटावी अशी बाब आहे. त्याच निकालात न्यायालयाने पुढे म्हटले की इंग्रजांच्या काळापासून सव्वाशे वर्षे खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांची ये-जा निर्वेध चालू होती. म्हणून तेवढ्यापुरती दोन राष्ट्रांतली स्थानिक रूढी सिद्ध होते. सैन्य आणि शस्त्रे मात्र दरवेळी परवानगी घेऊनच जात; म्हणून त्यांचा हक्क नाही. परवानगी मागणे हाच हक्क नसल्याचा पुरावा. आणि १९५४ च्या तणावात वाट बंद करून भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, असाही निर्णय बहुमताने झाला.

हीच कसोटी हैदराबादला लावली तर काय दिसते? संस्थानाचे स्वतःचे नाणे होते, टपाल होते, रेल्वे होती, फौज होती. १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारात राष्ट्राची जी चार लक्षणे सांगितली आहेत, त्यांपैकी कायम लोकसंख्या, निश्चित प्रदेश आणि शासन ही तीन तेथे होतीच. चौथे लक्षण म्हणजे इतर राष्ट्रांशी संबंध ठेवण्याची क्षमता. दीडशे वर्षांच्या वहिवाटीत निजामाने बाहेरच्या जगाशी स्वतंत्रपणे व्यवहार केले नव्हते, आणि ‘जैसे थे’ करारानेही ते करण्यास वाव दिला नव्हता. एका लक्षणावर सगळा डोलारा उभा होता.

कायदेपंडितांची मते हा दुय्यम आधार; पण येथे तेही दुभंगले. अमेरिकेतील एकाच आंतरराष्ट्रीय कायदाविषयक नियतकालिकात १९४९ मध्ये तारकनाथ दास यांनी आणि १९५० मध्ये क्लाइड इग्लटन यांनी हैदराबादवर लेख लिहिले. दास यांच्या मते ब्रिटिश अमलात आणि त्यानंतरही हैदराबाद सार्वभौम नव्हते. इग्लटन यांना सुरक्षा परिषदेने प्रश्न अर्धवट सोडणे मान्य नव्हते.

परिषदेत प्रत्यक्षात काय घडले? १६ सप्टेंबर १९४८ रोजी पॅरिसला बैठक भरली, तेव्हा भारतीय फौजा हैदराबाद शहराकडे सरकत होत्या. भारताच्या वतीने सर रामस्वामी मुदलियार आणि हैदराबादच्या वतीने नवाब मोईन नवाज जंग उभे होते. विषय पत्रिकेवर घेण्याच्या बाजूने आठ मते पडली, तीन सदस्य तटस्थ राहिले. विषय चर्चेला घेणे म्हणजे तो परिषदेच्या अधिकारात येतो असे मान्य करणे नव्हे. इतिहासात कधीही हैदराबादला स्वतंत्र राष्ट्राचा दर्जा नव्हता, म्हणून तक्रारीचा अधिकारच नाही, असे मुदलियार यांनी सांगितले. सनदेच्या दुसऱ्या कलमाचा सातवा परिच्छेद त्यांच्या बाजूला होता. देशांतर्गत बाबीत राष्ट्रसंघाने हस्तक्षेप करू नये, असे तो म्हणतो. पुढची बैठक २० तारखेला झाली, तेव्हा लढाई संपली होती. २२ तारखेला खुद्द निजामाने तार करून तक्रार मागे घेतली. मग नवा कायदेशीर पेच निघाला: भारतीय लष्कराच्या ताब्यातील राजधानीतून आलेली ही तार स्वखुशीची मानायची की नाही? परिषदेला हेगच्या न्यायालयाचा सल्ला मागता आला असता. तिने मागितला नाही. मे १९४९ मध्ये पाकिस्तानचे झफरुल्ला खान यांनी विषय पुन्हा मांडला, त्यावरही ठराव झाला नाही. हैदराबाद राष्ट्र होते की नव्हते, याचे उत्तर परिषदेने दिलेच नाही, आणि ‘हैदराबादचा प्रश्न’ पुढे अनेक दशके तिच्या प्रलंबित विषयांच्या यादीत पडून राहिला. तोवर नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने भारतीय राज्यघटना स्वीकारली होती, १९५६ मध्ये संस्थानाची तीन भाषिक राज्यांत वाटणी झाली होती आणि नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे मुंबई राज्यात आले होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात होते. त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये.

पॅरिसमध्ये वाद चालू असतानाच, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, लंडनमधील वेस्टमिन्स्टर बँकेतील हैदराबादच्या खात्यातून १० लाख ७ हजार ९४० पौंड आणि ९ शिलिंग पाकिस्तानचे उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या नावे वळविण्यात आले. आपल्या संमतीवाचून हे घडले, असे निजामाने काही दिवसांतच बँकेला कळविले. पैसे परत मिळावेत म्हणून त्याने दावा लावला. पण १९५७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो थांबविला. कारण रूढी: एका सार्वभौम राष्ट्राला दुसऱ्या राष्ट्राच्या न्यायालयात खेचता येत नाही. राष्ट्राचे संरक्षण वादाच्या स्वरूपावर ठरावे, केवळ पक्षकार राष्ट्र आहे यावर नव्हे, असे मत लॉर्ड डेनिंग यांनी एकट्याने मांडले. काळाच्या ओघात जगभरचा कायदा त्या दिशेने सरकला. रक्कम गोठली. २०१३ मध्ये पाकिस्ताननेच या रकमेवर दावा सांगितला आणि आपले संरक्षण स्वतः सोडून दिले. शस्त्रखरेदीचा मोबदला म्हणून हे पैसे आपले, असे त्याचे एक म्हणणे होते. २ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी ते फेटाळले. तोवर व्याजासह साडेतीन कोटी पौंडांवर गेलेली रक्कम निजामाची, आणि म्हणून त्याचे वारस व भारत यांची, ठरली. वारस आणि भारत सरकार यांनी आपसांत आधीच तडजोड केली होती. येथे निर्णय झाला तो विश्वस्ताने दुसऱ्याचा पैसा आपला म्हणू नये, या साध्या तत्त्वावर. राष्ट्र कोण, या प्रश्नाला हात लावण्याची वेळच आली नाही.

या सगळ्या चर्चेत नांदेड-लातूरची माणसे कोठे होती? कलम ३८ मधील करार राष्ट्रांचे, रूढी राष्ट्रांची. पॅरिसच्या मेजाभोवती निजामाला खुर्ची मिळाली, भारताला होतीच. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसला ती मिळण्याची सोय कायद्यात नव्हती. १९३८ पासून ही संघटना जबाबदार राज्यपद्धती मागत होती, तिचे नेते तुरुंगात होते, बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे १९४६ मध्ये मारले गेले होते. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या टोळ्यांनी गावेच्या गावे लुटली, जाळली, माणसे मारली. लोकांचा स्वयंनिर्णय हे सनदेच्या पहिल्याच कलमात नमूद असलेले तत्त्व, पण त्याला हक्काचे ठोस रूप आले ते १९६० च्या वसाहतमुक्तीच्या जाहीरनाम्यानंतर. १९४८ च्या जूनमधील तडजोडीच्या मसुद्यात सार्वमताची तरतूद होती. निजामाने तो मसुदा नाकारला.

‘पोलीस कारवाई’ या शब्दाची दुसरी बाजू याहून कठोर आहे. बाब देशांतर्गत ठरली की युद्धाचे आंतरराष्ट्रीय नियमही दाराबाहेर राहतात. कारवाईच्या वेळी आणि नंतर संस्थानात जो सूड उगविला गेला, त्याची पाहणी करण्यासाठी १९४८ च्या अखेरीस पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार प्रभृतींचे पथक फिरले. किमान २७ ते ४० हजार माणसे मेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वांत अधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे घेतली आहेत. लातूर शहरात हत्या वीसहून अधिक दिवस चालू होती. तेथील सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी हजाराहून अधिक मारले गेले आणि जेमतेम तीन हजार उरले, असे त्यांनी नोंदविले. मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचविणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्याच अहवालात आहे. रझाकारांच्या अत्याचारांनी हा हिशेब फिटत नाही, आणि या हत्यांनी रझाकारांचे अत्याचार पुसले जात नाहीत.

एका देशाच्या हद्दीत होणाऱ्या सशस्त्र संघर्षातही शस्त्र न उचललेल्या किंवा ते खाली ठेवलेल्या माणसाला मारता येणार नाही, त्याला माणुसकीने वागविलेच पाहिजे, हा नियम जगाने लेखी केला तो १२ ऑगस्ट १९४९ च्या जिनिव्हा करारांतील समाईक कलम ३ मध्ये, म्हणजे लातूरच्या त्या दिवसांनंतर अकरा महिन्यांनी. भारताने हे करार १९५० मध्ये स्वीकारले. सुंदरलाल पथकाचा अहवाल मात्र सरकारने प्रसिद्ध केला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो वाचण्यास खुला असल्याची बातमी आली, तेव्हा २०१३ साल उजाडले होते.